सांधा खरंच बदलला का? आठ पॉइंट बटणावर आणतानाच्या नोंदी

५ जानेवारी

मॉडेल रेल्वेचा लेआउट तयार होऊन बरेच महिने झाले, गाड्या फिरतात, पण सांधे अजून बोटानेच बदलतोय. आठ पॉइंट (म्हणजेच सांधे, जिथे एका लाइनीच्या दोन होतात) आहेत, त्यातले पाच यार्डात आणि तीन पार मागच्या भिंतीला लागून. एचओ स्केल, म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. सात नंबरचा पॉइंट बदलायला स्टुलावर चढून ओणवं व्हावं लागतं. काल तसाच ओणवा झालो आणि शर्टाच्या बाहीत सिग्नलचा खांब अडकून मुळासकट आला. तेव्हाच ठरवलं, बास झालं, आता बटण.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी कच्चा आहे. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर वापरता येतो आणि आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर, एकदा दिवा लुकलुकवला होता, एवढंच भांडवल. म्हणून नोंदी ठेवतोय, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा केली तर निदान पहिल्यांदा कधी केली होती ते कळेल.

पॉइंट सगळे लाइव्ह फ्रॉगवाले, म्हणजे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा धातूचा आणि त्यात करंट असतो. याचं महत्त्व आज तरी मला फारसं वाटत नाहीये.

८ जानेवारी

खोक्यात एक जुनी सॉलेनॉइड मोटर सापडली, दोन कॉइलवाली. तत्त्व एकदम सोपं, मधे लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना कॉइल, ज्या कॉइलला करंट द्याल तिकडे दांडी ठक्कन खेचली जाते. १६ व्होल्ट एसी, दोन पुशबटणं, अर्ध्या तासात चालू. तो ठक्क आवाज ऐकून लहान मुलासारखा दहा-बारा वेळा बटण दाबत बसलो.

तेराव्या वेळी बटण आतच अडकलं. मला कळायच्या आत वास आला.

नंतर हिशेब केला. कॉइल मोजली तर साधारण ४ ओहम, १६ व्होल्टला झाले ४ अँपियर म्हणजे ६४ वॅट, आणि हे सगळं अंगठ्याएवढ्या तारेच्या गुंडाळीत. या मोटरी क्षणभर धक्का देण्यासाठीच बनवलेल्या असतात, दोन-चार सेकंद करंट राहिला की संपलं. यावर उपाय म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट, त्यात मोठा कपॅसिटर आधी सावकाश भरून ठेवायचा आणि बटण दाबलं की तो एकदम रिकामा होतो. बटण दाबून धरलं तरी कॉइलला साठलेला तेवढाच घास मिळतो. ४७०० मायक्रोफॅरड २४ व्होल्टला भरला तर त्यात सुमारे १.३५ जूल, म्हणजे ६४ वॅटने ओढला तर जेमतेम वीसेक मिलिसेकंदांचा धक्का. सांधा बदलायला पुरतो, कॉइल जाळायला पुरत नाही.

बनवून पाहिलं, उरलेल्या कॉइलवर छान चाललं. पण मन भरलं नाही. खऱ्या सांध्याच्या पात्या, म्हणजे बाजूला सरकणारे रुळाचे तुकडे, अशा झटक्यात जात नाहीत, सावकाश सरकतात. आणि प्रत्येक ठक्कबरोबर शेजारच्या वॅगनी थरथरतात ते वेगळंच.

१४ जानेवारी

आठवडाभर नुसता विचार. सावकाश चालणाऱ्या मोटरींमध्ये टॉर्टॉइजचं नाव सगळीकडे येतं. १२ व्होल्ट डीसी, टोकाला पोचली की तशीच रेटत उभी राहते, आणि उभी असताना साधारण १५ मिलिअँपियरच खाते, त्यामुळे बंद करायची गरजच नाही. दिशा बदलायची तर पोलॅरिटी उलटी करा. वर फ्रॉगसाठी कॉन्टॅक्ट आतच दिलेले. खरं सांगायचं तर कोणी मला विचारलं की कमी डोकेदुखीचा मार्ग कोणता, तर मी हाच सांगेन.

पण ती ठोकळ्याएवढी असते आणि माझ्या यार्डाखाली लाकडी पट्ट्यांचं जाळं आहे. दोन पॉइंटमध्ये ती बसतच नाही, कागदाचा डबा कापून बसवून पाहिला. मग सर्वो. ९ ग्रॅमवाले निळे, विमानांच्या मॉडेलमध्ये असतात ते. घरात चार पडलेलेच आहेत.

१९ जानेवारी

पहिला सर्वो हलला! तीन तारा, तपकिरी ग्राउंड, लाल ५ व्होल्ट, केशरी सिग्नल. सिग्नल म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, आणि पल्स किती रुंद त्यावरून सर्वो कुठे वळायचं ते ठरवतो, १ मिलिसेकंदाची पल्स एका बाजूला, २ ची दुसऱ्या बाजूला, १.५ म्हणजे मध्य. आत मोटर, गिअर आणि एक छोटा व्हेरिएबल रेझिस्टर, तो सर्वोला स्वतःचा कोन सांगतो. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती, पुढे कळेल का ते.

पहिला गोंधळ: सर्वोला ५ व्होल्ट आर्डुइनोच्याच पिनवरून दिले. एक सर्वो ठीक, दुसरा जोडला की बोर्ड रिसेट, परत चालू, परत सर्वो हलला, परत रिसेट, असं आपलं गुऱ्हाळ चालू. सर्वो अडला तर एकटा अर्ध्या अँपियरच्या वर मागतो, यूएसबीकडून एवढी अपेक्षा ठेवणंच चूक. सर्वोंसाठी वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय लावला.

दुसरा गोंधळ लगेच त्यातूनच: सप्लाय वेगळा केला आणि सर्वो अंगात आल्यासारखा नाचायला लागला. पुतण्या शेजारी मोबाइलवर होता, मान वर न करता म्हणाला, "काका, ग्राउंड जोडलंय का?" नव्हतं जोडलं. दोन सप्लायचं ग्राउंड एक नसेल तर सिग्नल ५ व्होल्ट आहे म्हणजे कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट, हे सर्वोला कळणार कसं. मान खाली घालून एक तार जोडली, नाच थांबला.

२६ जानेवारी

आजचं काम निव्वळ सुतारकी. आणि माझं मत झालंय की हाच खरा अवघड भाग आहे, कोड नंतर कितीही बदलता येतो पण बोर्डाला पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

रचना अशी. सर्वो बोर्डाखाली आडव्या ब्रॅकेटवर, हॉर्नच्या (सर्वोच्या फिरत्या हाताच्या) टोकाच्या भोकात पियानो वायर, म्हणजे ताठ पोलादी तार, ती वर जाऊन मधे एका पट्टीतल्या भोकातून, म्हणजे तो टेकू, आणि तिथून पुढे थ्रोबारच्या, म्हणजे दोन्ही पात्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या, मधल्या भोकात. हॉर्न खाली डावीकडे गेला की तार वर उजवीकडे जाते. थ्रोबारला जायचं असतं जेमतेम ३ मिमी. तार टोकाला त्यापेक्षा थोडी जास्त, चार-साडेचार मिमी जाईल असं ठेवायचं, म्हणजे वरचा दीड मिमी ती वाकते आणि त्या वाकण्याचाच दाब पातीला रुळाशी चिकटवून ठेवतो. ०.६ मिमीची तार फारच लवचिक निघाली, पाती अर्ध्यातच थांबायची. १.२ मिमीची इतकी ताठ की थ्रोबार तुटेल असं वाटलं. ०.८ वर जमलं.

पॉइंटच्या आत एक छोटी स्प्रिंग असते, हाताने बदलताना पाती टक्कन बसावी म्हणून. ती काढली. ती ठेवून सर्वो सावकाश फिरवला तर पाती अर्ध्या रस्त्यापर्यंत अडून बसते आणि मग एकदम उडी मारते, सगळी मजाच गेली.

कॅलिब्रेशन करताना एक शिकलो, अंशांत लिहू नका, मायक्रोसेकंदांत लिहा. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीत (तयार कोडमध्ये) ० ते १८० अंश म्हणजे ५४४ ते २४०० मायक्रोसेकंद, म्हणजे एक अंश सुमारे १० मायक्रोसेकंद, आणि माझ्या १४ मिमीच्या हॉर्नवर एका अंशाला टोक पाव मिमी सरकतं. ३ मिमीच्या खेळात पाव मिमी म्हणजे चिक्कार झालं. तीन नंबरच्या पॉइंटचे आकडे आले १४२० आणि १६१०. म्हणजे पूर्ण प्रवास फक्त १९० मायक्रोसेकंदांचा, सर्वोच्या आवाक्याचा दहावा हिस्सा. बाकी नव्वद टक्के प्रवास चुकून झाला तर थ्रोबार मोडण्यासाठी राखीव.

२ फेब्रुवारी

हळू सरकणं जमलं. दर २० मिलिसेकंदांनी २ मायक्रोसेकंद पुढे, १९० ला ९५ पावलं, म्हणजे साधारण १.९ सेकंद. बघतच राहावंसं वाटतं.

आधी डिले, म्हणजे तेवढा वेळ नुसतं थांब असा हुकूम, टाकून लिहिलं होतं, मग एक पॉइंट सरकताना दुसरं बटण ऐकूच येईना, कारण बिचारा बोर्ड डिलेमध्ये झोपलेला. मिलिस, म्हणजे किती वेळ झाला ते सांगणारा हुकूम, वापरून परत लिहिलं, प्रत्येक पॉइंट स्वतःचं घड्याळ बघतो आणि वेळ झाली की एक पाऊल टाकतो. पुतण्याने दाखवलं, मी टाइप केलं, श्रेय त्याचं.

९ फेब्रुवारी

चार पॉइंट बसले. आज सकाळी मेन स्विच चालू केला आणि चारही सर्वो एकदम दचकले. तीन नंबरवर टँकरची वॅगन उभी होती, तिच्या चाकांखालून पाती सरकली आणि ती आडवी.

दिवस याच्यातच गेला. कारणं एक नाही, दोन निघाली. एक, लायब्ररीत काही न सांगता अटॅच केलं, म्हणजे सर्वोच्या पल्स चालू केल्या, की ती १५०० पासून सुरू करते, म्हणजे सांधा अर्धवट. उपाय सोपा, अटॅच करण्याच्या आधीच जागेचा आकडा लिहून ठेवायचा. पण कुठली जागा? काल बंद करताना सांधा कुठे होता हे बोर्डाला माहीतच नाही. मग ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, लिहून ठेवायला लागलो. तिथे एक सेल एक लाख वेळा लिहिता येतो, एक पॉइंट रोज शंभर वेळा बदलला तरी हजार दिवस, चालेल की.

दुसरं कारण वीज आल्या आल्या पहिल्या क्षणी सिग्नलची पिन अधांतरी असते त्याचं. बोर्ड जागा होईपर्यंत सर्वोला काहीतरी कचरा ऐकू येतो आणि तो त्यालाच हुकूम समजतो. म्हणून सर्वोंचा ५ व्होल्ट एका रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) घेतला, आधी बोर्ड उठतो, पल्स चालू करतो, अर्धा सेकंद थांबतो, मग सर्वोंना वीज देतो. दचकणं जवळपास गेलं. किंचित शहारल्यासारखे होतात, पण पाती रुळापासून सुटत नाही.

शिवाय सर्वो जागेवर पोचले की डिटॅच करतो, म्हणजे पल्स बंद करतो, नाहीतर रात्रभर डास गुणगुणल्यासारखा आवाज. तारेचा दाब आणि गिअरचं घर्षण पाती धरून ठेवायला पुरतं.

एक प्रश्न डोक्यात राहिला. ईप्रॉममध्ये नवी जागा कधी लिहायची, हालचाल सुरू होताना की संपल्यावर? आधी लिहिली आणि मधेच वीज गेली तर आठवण खोटी. नंतर लिहिली तरी मधेच वीज गेली तर आठवण खोटीच. सध्या नंतर लिहितोय.

१६ फेब्रुवारी

आज फ्रॉगशी गाठ. ५ जानेवारीला ज्याला मी महत्त्व दिलं नव्हतं तोच.

फ्रॉगवरून डावीकडे जाणाऱ्या गाडीलाही चाकं ठेवायची असतात आणि उजवीकडे जाणाऱ्यालाही, त्यामुळे सांधा जिकडे असेल त्याप्रमाणे फ्रॉगची पोलॅरिटी बदलावी लागते. माझ्या पॉइंटमध्ये दोन्ही पात्या आणि फ्रॉग आतून एकच आहेत, म्हणजे जी पाती रुळाला चिकटते तिच्यातून फ्रॉगला करंट मिळतो. इतके दिवस तसंच चाललं होतं, पण पातीच्या कडेला रंग किंवा धूळ बसली की फ्रॉग मेला आणि छोटं शंटिंग इंजिन तिथेच ठप्प. तेव्हा फ्रॉगला वेगळी तार द्यायची, पलीकडे इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे पण करंट अडवणारे) टाकायचे आणि ती तार रिलेने या रुळाशी किंवा त्या रुळाशी जोडायची. रिले आर्डुइनो चालवणार. सांधा बदलायचा हुकूम दिला की रिलेही बदलायचा. किती सोपं.

रिले टकटक वाजायला लागले तेव्हा जाम भारी वाटलं. एमआयटीतला टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६ मध्ये सुरू झाला, त्यांच्या लेआउटखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले भरलेले असायचे आणि हॅक हा शब्द आजच्या अर्थाने रुळायला तिथलीच पोरं बऱ्याच अंशी कारणीभूत. मी चार रिलेंवर इतका खूश, त्यांचं काय होत असेल.

मग बटण दाबलं आणि सगळा लेआउट बंद पडला. शॉर्ट.

पहिलं कारण लगेच सापडलं. पाती दोन सेकंदांत सरकते आणि रिले एका क्षणात. पाती अजून जुन्या रुळाला टेकलेली असताना फ्रॉग नव्या रुळाशी जोडला गेला, आणि पाती व फ्रॉग तर एकच आहेत, म्हणजे दोन रूळ थेट एकमेकांना भिडले. रिले प्रवासाच्या बरोबर मध्यावर बदलायला लावला, तेव्हा पाती कुठल्याच रुळाला टेकलेली नसते. शॉर्ट गेला.

संध्याकाळी परत आला. फक्त दोन नंबरला. कोड तोच, तार तीच, बाकीचे तीन व्यवस्थित. पाऊण तास मल्टीमीटर घेऊन बोर्डाखाली पडलो होतो आणि मग वर येऊन नुसतं डोळ्यांनी बघितलं तर पाती हललेलीच नाही! तार थ्रोबारच्या भोकातून निसटलेली. खाली सर्वो इमानदारीत फिरतोय, बोर्ड समजतोय सांधा बदलला, त्या समजुतीवर रिले बदलला, ईप्रॉममध्ये पण लिहून टाकलं, आणि वर पाती आहे तिथेच, म्हणजे हुकूम सुटला की काम झालं असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलेलं आणि प्रत्यक्ष जाऊन बघायला कोणीच नाही.

२० फेब्रुवारी

चार दिवस हेच डोक्यात. बोटाने सांधा बदलायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता कारण बोटाला कळायचं, पाती बसली की हाताला जाणवतं. बटणाने हात काढून घेतला आणि त्याबरोबर ती जाणीवही गेली. खऱ्या रेल्वेत याला डिटेक्शन म्हणतात, पॉइंट मशीनने पाती ढकलली एवढ्यावर सिग्नल मिळत नाही, पाती खरोखर रुळाला लागली हे वेगळ्या कॉन्टॅक्टने सांगावं लागतं, आणि मगच पुढचं.

पहिला विचार: सर्वोच्या हॉर्नजवळ मायक्रोस्विच. पुतण्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पण काका, सर्वोला तर आधीपासूनच माहितीये तो कुठे आहे." बरोबर बोलला. सर्वोच्या आत तो रेझिस्टर त्याच कामाला आहे. दोन नंबरला सर्वो खोटं बोलतच नव्हता, त्याचा हॉर्न योग्य जागीच होता. साक्ष घ्यायची तर पातीची घ्यायला हवी, सर्वोची नाही.

दुसरा विचार: थ्रोबारच्या दुसऱ्या टोकाला एक मायक्रोस्विच. पण एकच स्विच कुठेतरी मधे पलटतो, तो सांगेल की पाती साधारण त्या बाजूला आहे, पूर्ण बसली का ते नाही सांगणार. पातीत गिट्टीचा खडा अडकून एक मिमीची फट राहिली तर गाडी रुळावरून उतरणारच आणि स्विच म्हणणार सगळं ठीक. म्हणजे प्रत्येक बाजूला एक, असे दोन, आणि दोन्ही शेवटच्या अर्ध्या मिमीतच दबतील असे लावायचे. दोन्ही मोकळे म्हणजे सांधा मधेच लटकलाय. दोन्ही दबलेले म्हणजे माझं सोल्डरिंग चुकलंय.

२३ फेब्रुवारी

दोन नंबरवर करून पाहिलं. थ्रोबारच्या लांब टोकाला ०.५ मिमीची वेगळी तार, वेगळ्या भोकातून खाली, आणि खाली ती दोन छोट्या मायक्रोस्विचांच्या मधे लोंबते. स्विचच्या पट्ट्यांना लांब भोकं पाडलीत म्हणजे मागेपुढे सरकवता येतात. अॅडजस्ट करायला तास लागला, आणि असे आठ करायचेत. देवा.

पण यातून एक मस्त गोष्ट निघाली. फ्रॉगचा रिले आता हुकुमावर नाही आणि मध्याच्या अंदाजावरही नाही. जुन्या बाजूचा स्विच सुटला म्हणजे पाती जुन्या रुळापासून निघाली, त्या क्षणी रिले बदलायचा. स्विच सुटला नाही तर रिलेही बदलणार नाही. मुद्दाम तार काढून ठेवली आणि बटण दाबलं: सर्वो फिरला, पाती हलली नाही, रिले गप्प, शॉर्ट नाही. चार सेकंदांत होकार आला नाही म्हणून कोडने सर्वो परत मागे नेला. मी एकटाच होतो खोलीत, तरी टाळी वाजवली.

२ मार्च

पिना पुरेनात. आठ सर्वो, सोळा स्विच, आठ बटणं, आठ रिले, आठ जोड दिवे. माझ्या आर्डुइनो ऊनोवर सिरियलच्या दोन सोडल्या तर अठरा पिना. शिफ्ट रजिस्टर वापरले, ७४एचसी१६५ आठ इनपुट वाचतो आणि एकामागे एक साखळी करता येते, तीन चिप, चोवीस इनपुट, पिना फक्त तीन. आउटपुटला ७४एचसी५९५ ची तशीच साखळी, अजून तीन. रिलेंसाठी पुढे यूएलएन२८०३ कारण ५९५ ला रिलेची कॉइल ओढवत नाही. सर्वोंच्या विजेच्या रिलेची एक धरून एकूण १५ पिना गेल्या, तीन उरल्या, श्रीमंत झाल्यासारखं वाटतंय.

मधे पीसीए९६८५ या पल्स देणाऱ्या चिपचाही बोर्ड लावून पाहिला होता, सोळा सर्वो फक्त दोन तारांवर, चांगली चीज आहे. पण ती २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करते, म्हणजे एक पाऊल ४.८८ मायक्रोसेकंद, आणि माझ्या १९० च्या प्रवासात जेमतेम ३९ पावलं बसतात. पाती किंचित टिकटिक करत सरकते. दुसऱ्या कोणाला दिसणारही नाही, पण मला एकदा दिसलं ते दिसलंच. परत ठेवून दिला.

५ मार्च

मागच्या भिंतीचे तीन सर्वो दुसरे चालू झाले की उचकी लागल्यासारखे हलतात. तारा अडीच मीटर लांब. तिन्ही तारा एकमेकींना पीळ घालून टाकल्या, प्रत्येक सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड, आणि सर्वो एकदम न सोडता पाव-पाव सेकंदाच्या अंतराने सोडले. गेलं.

९ मार्च

पॅनल. लेआउटचा नकाशा छापून अॅक्रिलिकखाली, प्रत्येक पॉइंटला एक बटण आणि दोन दिवे. बटण दाबलं की आतले पत्रे दहा-वीस मिलिसेकंद थडथडतात आणि बोर्डाला एकाऐवजी पाच दाबणी दिसतात, म्हणून ३० मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच मानायचं.

दिव्यांवरून आमचा थोडा वाद झाला. पुतण्याचं म्हणणं बटण दाबल्याबरोबर दिवा बदलायला हवा, "नाहीतर काका लोकांना वाटेल बटण लागलंच नाही." माझं म्हणणं दिवा स्विचने सांगितल्याशिवाय बदलायचा नाही, नाहीतर एवढे सोळा स्विच लावून दिव्याखाली अंधारच. शेवटी असं ठरलं की दाबल्यावर नव्या बाजूचा दिवा लुकलुकतो, होकार आला की स्थिर होतो, आणि चार सेकंदांत आला नाही तर दोन्ही जोरात लुकलुकतात. दोघांचंही समाधान.

यार्डासाठी रूटची बटणं पण टाकली, तीन नंबरच्या लाइनला जायचं तर एका दाबात तिन्ही सांधे. पूर्वी हे डायोडच्या जाळीने करायचे आणि कॉइलच्या मोटरींसाठी आजही तेच बरं. कोडमध्ये फक्त एक तक्ता. रूट लागला हे तेव्हाच म्हणायचं जेव्हा त्यातले सगळे सांधे होकार देतील, आणि तोपर्यंत यार्डाचा सिग्नल लाल. सांधे आणि सिग्नल असे एकमेकांना बांधून टाकायचं पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये घेतलं होतं, तेही निव्वळ लोखंडी दांड्या आणि खाचांवर. माझ्याकडे त्याला चार ओळी लागल्या, पण त्या चार ओळी लिहायची गरज का पडते ते कळायला दोन महिने.

२३ मार्च

डीसीसीवरून, म्हणजे रुळातूनच विजेबरोबर डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीवरून, सांधे. म्हणजे हातातल्या कंट्रोलरवरूनच इंजिनही आणि पॉइंटही. रुळातल्या सिग्नलमध्ये १ म्हणजे ५८ मायक्रोसेकंदांचे दोन अर्धे आणि ० म्हणजे साधारण १०० चे दोन अर्धे, वेळ मोजून ओळखायचं. रुळाचा व्होल्टेज थेट बोर्डाला देता येत नाही, मधे ६एन१३७ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणारी चिप), तिथून पिन २. वाचायचं काम एनएमआरएडीसीसी लायब्ररी करते.

तीन नंबरला हुकूम दिला की सात नंबर हलायचा. पॉइंटचे पत्ते चार-चारच्या गटात असतात आणि गट मोजायला कोणी शून्यापासून सुरुवात करतो कोणी एकापासून, म्हणून बरोबर चारचा फरक. कोडमध्ये चार वजा केले आणि विषय संपवला.

पण डीसीसीवर पूर्ण विसंबायचं नाही हे आजच कळलं. चुकीच्या बाजूने लागलेल्या सांध्यावर इंजिन घातलं, फ्रॉगवर शॉर्ट, रुळाला वीज देणारा बूस्टर ट्रिप. आता सांधा बदलला तर शॉर्ट जाईल, पण सांधा बदलायचा हुकूम त्याच रुळातून येतो जो ट्रिप झालाय. म्हणजे कुलूप लावून किल्ली आत. पॅनलचं बटण मात्र चाललं कारण त्याची वीज आणि वायरिंग वेगळं आहे. पॅनल राहणार, डीसीसी जोडीला.

३० मार्च

आठही पॉइंट पूर्ण. स्टार्टअपचा कोड बदलला. आता बोर्ड उठला की ईप्रॉमला विचारत नाही, आधी सोळा स्विच वाचतो आणि पाती जिथे असेल तिथलाच आकडा सर्वोला देतो. काल मुद्दाम वीज बंद असताना चार नंबर हाताने उलटा करून ठेवला, चालू केल्यावर दिवा बरोबर बाजूचा लागला. ईप्रॉमची आठवण फक्त तेव्हा वापरतो जेव्हा दोन्ही स्विच मोकळे दिसतात.

६ एप्रिल

सहा नंबर दिवसातून एखाद्या वेळी होकार देत नाही. दोन्ही दिवे लुकलुक, सर्वो मागे, परत दाबलं की ठीक. सोल्डर तपासलं, स्विच बदलला, कॅलिब्रेशन ५ मायक्रोसेकंदांनी वाढवून पाहिलं, १० ने पाहिलं. काही फरक नाही.

आज भिंग घेऊन बसलो. गिट्टी चिकटवताना गोंदाचा एक थेंब थ्रोबारच्या खाली ओघळून वाळलाय, आणि त्यावर एकच खडा, तोही सैल. तो कधी पातीत येतो, कधी नाही. म्हणजे स्विच बरोबर बोलत होता आणि मी त्यालाच बदलून बसलो.

खडा चिमट्याने काढला. गोंद खरवडायला टोकदार ब्लेड लागेल, पण सहा नंबर मागच्या भिंतीजवळ आहे, परत स्टूल, परत ओणवं. सिग्नलचा खांब आधी काढून ठेवतो.

७ एप्रिल

खरवडलं. संध्याकाळी सहा नंबर दोनशे वेळा आपोआप बदलायला लावला, दोनशेच्या दोनशे होकार. खांब परत लावायचा राहिलाय.